चौथा म्हणून खडा

१८ ऑक्टोबर, शनिवार. शारजा.

या वर्षी दिवाळी नाही. बाबा एप्रिलमध्ये गेले, त्यामुळे कंदील नाही, फराळ नाही. अल मजाजमधल्या सगळ्या बाल्कन्या माळांनी लखलखतायत, आमचीच तेवढी पडलेल्या दाताच्या जागेसारखी काळी दिसते.

आणि आमचं खरंच ठरलं. तिबेटची रेल्वे. बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जन्माचं वेड. पुण्यात शाळेत भूगोल शिकवला, स्वतः महाबळेश्वरच्या वर कधी चढले नाहीत, पण गोठलेल्या जमिनीवर चिन्यांनी रूळ कसे टाकले हे आल्यागेल्याला ऐकवायचे. पाहुणे पोहे अर्धे टाकून पळायचे. आता आई म्हणतात, त्यांच्या वाटचं मी जाऊन येते. वय एकाहत्तर. डॉक्टरने सगळ्या टेस्ट पाहून परवानगी दिली. तो नाही म्हणेल अशी माझी फार आशा होती.

बाबा गेल्यापासून नंदन त्याच्या आईला कशालाच नाही म्हणत नाही. या घरात नाही म्हणायचं खातं माझ्याकडे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. विमानतळ.

आमच्या लेकीच्या, सईच्या, प्री-बोर्ड्स आहेत म्हणून ती मैत्रिणीकडे राहिली. म्हणजे निघालो तिघं. हे आईंच्या लक्षात आलं खाली लॉबीत, टॅक्सी दारात उभी असताना. तिघांनी प्रवासाला निघू नये, तीन तिगाडा काम बिगाडा. चौथा म्हणून खडा घ्यायचा. बिल्डिंगच्या दाराशी खजुरांच्या बुंध्यात पांढरे गोटे पसरलेत, त्यातला लिंबाएवढा एक त्यांनी वाकून उचलला. वॉचमन बघत राहिला.

यात नवल काही नाही. माझी आईसुद्धा हळदीकुंकवाला तिघीजणी निघाल्या की पदराच्या टोकाला खडा बांधायची आणि परतताना फाटकाबाहेर टाकून द्यायची. खडा तो खडा, त्याला कोणी हाक मारत नाही. आईंनी मात्र तो रुमालाने पुसला, पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, चला."

नंदन बॅगा चढवत होता, त्याने ऐकलं नाही. मी ऐकलं. हसू आलं मला. टॅक्सीत म्हटलं, आई, घरी पोचायच्या आत वाटेत टाकायचा बरं का. "माहित्येय मला," म्हणाल्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार. शिनिंगहून गाडीत.

दुपारी ल्हासाची गाडी सुटली. चार बर्थचा डबा म्हणजे आमच्या स्टोअररूमपेक्षा लहान. खाली मी आणि आई, वर नंदन, त्याच्यासमोरचा वरचा बर्थ रिकामा. गुडघ्याला गुडघा लागतो. एकाने स्वेटर घालायचा तर बाकीच्यांनी आडवं व्हायचं. दोन सुटकेस, दशम्यांचा डबा, थर्मास, नंदनची कॅमेऱ्याची बॅग. उद्या दुपारपर्यंत असंच.

एजंट म्हणाला होता, चौथा बर्थ विकला गेलाय, कोणी तरी येईल. कोणी आलं नाही. आईंनी खडा त्या बर्थच्या उशीवर नेऊन ठेवला, शिडीच्या दोन पायऱ्या चढून. मी ओरडले. उतरताना त्यांना धाप लागली आणि चेहरा एकदम लग्नातल्या फोटोसारखा.

डब्याची अटेंडंट मुलगी ऑक्सिजनच्या नळ्या वाटून गेली. भिंतीत भोक असतं, त्यात एक टोक खुपसायचं, दुसरं नाकाशी. तिने चार दिल्या. मी एक परत केली, तीन बोटं दाखवली. तिने वरच्या बर्थकडे पाहिलं, मान हलवली आणि नळी पुन्हा माझ्या हातात ठेवली. भाषा येत नाही. वाद कुठे घालणार.

२८ ऑक्टोबर, मंगळवार. गाडीतच.

डोकं दुखतंय. सगळ्यांचंच. चिवड्याची पाकिटं फुगून टम्म झालीत, पेनाला शाई सुटली, हे पान बघ कसं झालंय.

बाहेर काही नाही. हे लिहायला सोपं आहे, बघायला नाही. पिवळं गवत, त्यावर बर्फाचे डाग, आकाश इतकं खाली की डब्याच्या टपाला लागेल. माणूस नाही, घर नाही. मधेच रुळाकडेला लांब हिरवा कोट घातलेला एक जण ताठ उभा असतो आणि गाडीला सलाम करतो. आसपास त्याचं घर नाही, गाडी नाही, पाऊलवाट नाही. नंदन म्हणाला, गार्ड असतात, प्रत्येक गाडीला सलाम करतात. असेल. आई प्रत्येकाला हात करतायत.

नंतर. सगळ्यात उंच खिंड गेली. बोटाला लावायचं ऑक्सिजन-मीटर आम्ही आळीपाळीने फिरवत होतो. माझं ८०, नंदनचं ८२, आईंचं ७२. मी घाबरले. त्यांना नळी लावली, पाठ चोळली. आई म्हणाल्या, "मला काही होत नाहीये गं. वर बघ, हे किती मजेत आहेत." मी वर बघितलं. चौथी नळी भिंतीत खोचलेली होती आणि दुसरं टोक उशीवर, खड्यापाशी. नंदनला विचारलं, तू लावलीस? नाही म्हणाला. आईंनीच लावली असणार. पण त्या आता शिडी चढू शकल्या नसत्या.

दोन दशम्या खाल्ल्या. मळमळतंय.

२९ ऑक्टोबर, बुधवार. ल्हासा.

काल दुपारी उतरले बाई एकदाची. उतरताना गोंधळ, बॅगा, धक्के. आई सगळ्यांत शेवटी उतरल्या, दारात थांबून मागे वळून बघत होत्या. गाइडने तिघांच्या गळ्यात स्वागताची पांढरी वस्त्रं घातली. तीनच. हे आपण मोजतोय याची मला लाज वाटली.

आई आज राजवाडा बघायला आल्या नाहीत. हॉटेलच्या खिडकीतून स्टेशनच्या दिशेला बघत बसल्या.

२ नोव्हेंबर, रविवार. शारजा.

घर. मैत्रिणीकडून परतलेल्या सईने कोथिंबीरसुद्धा आणली नव्हती, फ्रिजमध्ये फक्त हमस आणि केचप. आईंना विचारलं, खडा टाकलात ना? "टाकला," म्हणाल्या. कुठे? "तिकडेच." बरं.

ऑफिसला उद्यापासून. दुबईत सिलिकॉन ओएसिसपर्यंतचा ट्रॅफिक आठवूनच थकायला झालं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

आईंच्या खोलीत चिवड्याचं पाकीट दिसलं. फुगलेलं. प्रवासातलं राहिलं असेल म्हणून उचललं, तर इथल्या सुपरमार्केटचं, कालच आणलेलं. हॉलमध्ये आणलं आणि माझ्या हातातच ते हळूहळू बसलं. पुन्हा आत नेलं. पुन्हा फुगलं.

नंदनला दाखवलं. तो इंजिनिअर, त्याच्याकडे उत्तर असतंच. एसीचा प्रेशर डिफरन्स म्हणाला. मग दार बंद करून बराच वेळ तिथेच उभा राहिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

आईंना चार पावलांत धाप लागते. मीटर लावलं तर ७२. खिंडीत होतं तेच. खाली क्लिनिकमध्ये धावत नेलं, तिथे ९७. मल्याळी डॉक्टर चांगला आहे, पुन्हापुन्हा तपासलं, छातीचा फोटो काढला. म्हणाला, "अम्मा बिलकुल ठीक है, मशीन बदलो." नवीन मशीन घेतलं. हॉलमध्ये ९६. खोलीत शिरल्याबरोबर आकडा उतरायला लागतो, आणि उतरत उतरत ७२ वर येऊन थांबतो.

मग बाहेर झोपा म्हटलं, हॉलमध्ये, सोफा मोठा आहे. नाही म्हणाल्या. सईची खोली घ्या. नाही. एवढा हट्ट त्यांनी माझ्याशी कधी केला नव्हता. रागावले मी, वाट्टेल ते बोलले. त्या ऐकून घेऊन पुन्हा आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मला त्यांना गमवायचं नाहीये. सरळ लिहिते, इथे कोण वाचतंय. अठरा वर्षं भांडतोय आम्ही, चहात साखर किती यावरून सुद्धा, आणि मला त्या हव्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

सई आजीकडे अभ्यासाला बसली होती, उठून आली. म्हणाली, "आईऽ, आजीज् रूम मेक्स माय इअर्स पॉप. लाइक इन अ प्लेन." आणि दुसरं काही घडलंच नसल्यासारखी फोन घेऊन बसली.

मग मी आत जाऊन नीट बसले. आई अंघोळीला गेल्या होत्या. त्यांची चहाची किटली तिथे असते, ती लावली. पाणी टाकल्या टाकल्या खळखळलं. कप भरला, घोट घेतला, कोमट. उंचावर पाणी लवकर उकळतं पण तापत नाही, डाळ शिजत नाही, बाबा सांगायचे. खिडकीची काच आतून गार. बाहेर खालिद लगूनवर लोक अर्ध्या बाह्यांत फिरतायत. आणि फरशी. पाय टेकवून बसलं की बारीक थरथर लागते, थांबत नाही, एका लयीत. नंदन म्हणतो, एसीचं चिलर. ते बिल्डिंगच्या दुसऱ्या टोकाला आहे.

कपाटाच्या वरच्या फळीवर, आडव्या ठेवलेल्या उशीवर, खडा.

१६ नोव्हेंबर, रविवार.

आज विचारलंच. ओरडायचं नाही असं ठरवून गेले होते. आई खोटं बोलल्याबद्दल लाजल्या नाहीत, उलट कोणी विचारायची वाटच बघत असाव्यात अशा बोलत सुटल्या. म्हणाल्या, "खडा टाकला की प्रवास संपतो ना गं. मी संपवलाच नाही."

बाबांची खोड मला माहीत आहे. पुणे-सातारा असू दे नाही तर शेजारच्या गल्लीतलं लग्न, दर दहा मिनिटांनी विचारायचे, आलं का? आई म्हणाल्या, गाडी खिंडीवर चढली तेव्हा वरच्या बर्थवरून पहिल्यांदा विचारलं, आलं का. तेव्हापासून विचारतायत. ल्हासाला सगळे उतरले तेव्हाही विचारलं. आणि आईंनी सांगितलं, नाही हो, अजून वेळ आहे.

आलं म्हटलं असतं तर उतरून गेले असते. म्हणून नाही सांगितलं. एवढंच.

मी म्हटलं, आई, तुम्हाला श्वास पुरत नाहीये. त्या म्हणाल्या, माहित्येय.

बोलता बोलता थांबल्या, मान कपाटाकडे वळवली, ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. फरशी तेवढी थरथरत होती. मग त्या रोजच्या आवाजात, भाजी निवडताना बोलावं तसं म्हणाल्या, "नाही हो, अजून नाही. पडा तुम्ही."

मी उठून किचनमध्ये आले. 

१९ नोव्हेंबर, बुधवार.

मीच केलं हे. कामावर गेले नाही. आईंना हॉलमध्ये टीव्हीपुढे बसवलं, खडा रुमालात गुंडाळला आणि खाली जाऊन खजुराच्या बुंध्यात, जिथून उचलला तिथे ठेवला. खलास, म्हटलं. खडा गार होता, बर्फासारखा, रुमालातूनही बोटं बधिर झाली.

वर आले तर आई सोफ्यावर आडव्या, ओठ निळे, तोंड उघडं, आणि छाती भात्यासारखी चाललेली. हॉलमध्ये. जिथे त्यांचा आकडा कधी उतरला नव्हता. सई त्यांचा हात धरून "आजी, ब्रीद, प्लीज ब्रीद" म्हणत होती. आईंना बोलता येत नव्हतं. दोनच शब्द कळले: "एकटे आहेत."

सईला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगितलं आणि मी धावत खाली. तिथे शेकडो गोटे, सगळे पांढरे, सगळे लिंबाएवढे. गुडघ्यावर बसून एकेक चाचपला. दुपारच्या उन्हाने सगळे तापलेले होते. एक गार होता. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कुछ गिर गया क्या?" मी हो म्हटलं आणि लिफ्टकडे पळाले.

आईंच्या हातात दिला. श्वास हळूहळू जाग्यावर आला. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी तपासलं, ९६. फिलिपिनो नर्स माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला समजली. सासूला उगाच त्रास देणारी सून.

नंदनला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच त्याने चिलर, प्रेशर काही काढलं नाही. रडला. म्हणाला, "मी रोज जातो गं त्या खोलीत, ऑफिसला निघायच्या आधी. मला ऐकू येत नाही. पण आई उत्तर देते तेवढं ऐकून येतो." त्याला बाबा हवेत. मला आई हव्यात. या घरात आता हा एवढा प्रश्न उरलाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

७२ चं ६८ झालं. खिंड केव्हाच मागे गेली, मग ही गाडी अजून कुठे चढतेय?

आई सकाळचं पेजेचं पाणी तेवढं घेतात. पाय सुजलेत. डॉक्टर घरी आला, खोलीत पाच मिनिटं बसला, कपाळ चोळायला लागला आणि कारण न सांगता बाहेर येऊन बसला. ॲडमिट करा म्हणाला. आई म्हणाल्या, इन्शाल्ला. हा शब्द इथे नाही म्हणायला वापरतात हे त्या पुण्याहून इथे आल्यापासूनच्या सात महिन्यांत बरोबर शिकल्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार.

आईंनी मला जवळ बोलावलं. नंदनला बाहेर जा म्हणाल्या. बोलायला फार वेळ लागत होता, दोन शब्द, मग दम.

म्हणाल्या, बाबाही दमलेत आता. पूर्वी आलं का विचारताना मजेत असायचे, आता कंटाळून विचारतात. बसून बसून पाठ दुखते म्हणतात. त्यांना असं अडकवून ठेवणं बरोबर नाही, हे कळतंय. पण चव्वेचाळीस वर्षं ज्याला उतरताना हात दिला, त्याला एकट्याला उतर म्हणायला तोंड उघडत नाही.

"तू सांग," म्हणाल्या. "तुला नाही म्हणायची सवय आहे. तुझं ऐकतील."

मी विचारलं, मग तुम्हाला बरं वाटेल ना? श्वास येईल ना नीट? त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात गार. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

नंदनशी बोलले. त्याने मान डोलावली. उद्या सकाळी.

२३ नोव्हेंबर, रविवार.

सकाळी अंघोळ करून आत गेले. नंदन दारात थांबला. सईला खाली पाठवलंय.

आई उठून बसल्या होत्या. स्वतःच्या स्वतः, कोणी हात न लावता. प्रवासाला घेतलेला स्वेटर, वर शाल. पर्स मांडीवर. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. सुजलेल्या पायांवर ते बूट कसे चढवले असतील कोण जाणे. स्टेशन जवळ आलं की माणसं बसतात तशा बर्थच्या कडेला, म्हणजे पलंगाच्या कडेला बसलेल्या. चेहरा खूप छान दिसत होता. खडा शेजारी.

"सांग गं," म्हणाल्या.

मी कपाटासमोर उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ करून आले होते. बाबा, ल्हासा आलं, उतरायचं. एवढंच. "बाबा," म्हटलं, आणि पायाखालची थरथर मंदावली. गाडीचा वेग उतरतो तशी, टप्प्याटप्प्याने. आईंनी पलंगाची कड घट्ट धरली, धक्का बसेल म्हणून धरतात तशी, आणि दुसरा हात वर, कोणाला तरी आधार द्यायला पुढे केला.

मी त्यांच्या बुटांकडे बघत होते.

"अजून यायचंय," मी म्हटलं. "वेळ आहे, बाबा. बसा तुम्ही दोघं."

क्षणभर काही नाही. मग फरशी पुन्हा थरथरायला लागली, आधी हलकी, मग पूर्वीसारखी.

वाटलं, आई रागावतील. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग सावकाश वाकून एका बुटाची नाडी सोडली, पर्स उचलून पलीकडे ठेवली आणि सरकून मला शेजारी जागा करून दिली.

इथेच बसून लिहितेय. आईंनी डोकं माझ्या खांद्यावर टेकलंय. मीटर लावलेलं नाही. नंदन दारातून विचारतोय, मी आत येऊ का. मी त्याला अजून काही उत्तर दिलेलं नाही.